डबल बेल

कंपवात झाला म्हणजे हात थरथरतात, एवढंच लोकांना ठाऊक असतं. हात थरथरणं हे त्या दुखण्यातलं सगळ्यात किरकोळ काम. खरा खेळ पायांचा. बरा चालणारा माणूस दारात येतो आणि खिळतो. डोकं म्हणतं चल, पाय म्हणतात तू कोण? मागून ढकललं तर आडवा होतो, पुढून ओढलं तरी आडवा होतो. पण जमिनीवर एक आडवी रेघ दिसू द्या, नाहीतर कुणी ठेका धरू द्या, तोच पाय उचलून पलीकडे पडतो. का, ते डॉक्टर समजावून सांगतात. ज्याचा पाय अडकतो त्याला ते समजून घेण्यात काडीचा रस नसतो.

बाईंना हे सगळं तोंडपाठ होतं. बाई म्हणजे शाळेतल्या कवायतीच्या बाई. उभा जन्म मैदानावर गेला. गळ्यात शिट्टी, पायांत कॅनव्हासचे बूट, आणि आवाज असा की तिसऱ्या गल्लीतलं पोरगंही पाठ ताठ करून बसावं. निवृत्तीला थोडे दिवस राहिले असताना नवऱ्याला हे दुखणं निघालं. तो बस चालवायचा. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, व्यायाम करा. कुठला, कुठे, कुणाकडे, हे त्यांनी सांगितलं नाही. बाहेर रांग होती.

मग बाईंनी स्वतः धडपड केली. मोठ्या इस्पितळातल्या व्यायाम विभागात बाकावर बसून बसून तिथल्या लोकांना पिडलं, त्यांच्याकडून रीतसर शिक्षण घेतलं, परीक्षा दिली. फर्निचरचं बंद पडलेलं दुकान मिळवलं. शटर जाम झालं होतं, त्याला तेल पाजलं. भिंतीला नळाचा पाइप आडवा ठोकून धरायचा दांडा केला. फरशीवर पावला-पावलावर पिवळ्या चिकटपट्ट्या मारल्या. हात असलेल्या खुर्च्या लोकांच्या माळ्यावरून उतरवून आणल्या. दुखणं असलेली माणसं आणि त्यांच्या घरचे मिळून वर्ग चालवायचे. कुणी झाडायचं, कुणी चहा करायचा, उरेल ते भाड्यात घालायचं. मालक कुणी नाही, असं कागदावर होतं. मनात मालक बाईच होत्या, आणि ते त्या कुणाला नाकबूल करायला गेल्या नसत्या.

लोक त्यांना तोंडावर बाई म्हणत, पाठीमागे शिट्टीबाई. त्यांना दोन्ही चालायचं.

तर असा हा वर्ग नीट चालला होता आणि त्यात धाकटी आली.

धाकटी म्हणजे बाईंची जाऊ. तिचा नवरा जहाजावर. वर्षातले चार दिवस घरी, बाकी फोटोत. मुलगा शिकायला बाहेर. "घरात बसून भिंतींशी किती बोलू, वहिनी? मी चहाला येते तुमच्याकडे," म्हणाली, आणि आली. चहा चांगला करायची. हसायची त्याहून चांगलं. वर्गातल्या पोस्टमनकाकांना म्हणायची, "काका, आज कुठली डाक?" पोस्टमनकाकांची तऱ्हा उलटी होती. त्यांचे पाय अडकायचे नाहीत, सुटायचे. पावलं लहान लहान, भरभर होत ते पुढे धावत निघायचे आणि भिंतीला दोन्ही हात टेकवूनच थांबायचे. आजवर त्या भिंतीपाशी गेले की काका ओशाळायचे. धाकटी आल्यापासून म्हणायला लागले, "तातडीची तार होती, पोचवली."

बाईंच्या पोटात पहिल्यांदा दुखलं ते तेव्हा. पण ते चहावर ढकलता येण्यासारखं होतं.

नंतरचं नाही ढकलता आलं.

एके दिवशी ड्रायव्हरसाहेब, म्हणजे बाईंचा नवरा, हॉलच्या दारात अडकले. शटरची पट्टी ओलांडायची होती, बस्स. मागे चारजण खोळंबले. बाई आतून दांड्यापाशी उभ्या राहून शिट्टी देत होत्या: एक, दोन, एक, दोन. पाय हलेनात. उलट दर शिट्टीला माणूस अधिकच ताठ होत गेला, कपाळावर घाम. मागून वर्गातले शिंपीमामा वैतागून म्हणाले, "अरे, डबल बेल द्या रे कुणीतरी. साहेबांची गाडी स्टॉपवरच उभी आहे."

सगळे हसले. ओट्यापाशी धाकटी कपबशा मांडत होती. तिथेच मुलाच्या जुन्या सायकलची घंटी पडली होती. चहा झाला की ती वाजवून सगळ्यांना बोलवायची. तिनं ती उचलली आणि वाजवली. ट्रिंग ट्रिंग.

ड्रायव्हरसाहेबांचा उजवा पाय उचलला गेला. पट्टीपलीकडे पडला. मग डावा. मग ते थेट ओट्यापर्यंत चालत गेले आणि तिथे उभे राहून आपल्याच पायांकडे बघू लागले.

टाळ्या पडल्या. बाईंच्या तोंडात शिट्टी तशीच होती. टाळ्या वाजवायला त्यांनीही हात उचलले. हात जुळले, आवाज झाला नाही.

आता कुणी म्हणेल, नवरा चालला ना? मग रडगाणं कसलं? असं म्हणणाऱ्यानं आपल्या हातानं भिंत उभारावी, आणि तिच्यावर नाव दुसऱ्याचं रंगवताना बघावं, मग बोलावं. त्याच्या पायांसाठी बाईंनी हे दुकान उघडलं. त्याच्यासाठी पट्ट्या मारल्या. पहाटे उठून त्याच्या पोटऱ्या चोळल्या. आणि तो चालला कुणाच्या इशाऱ्यावर, तर चहावालीच्या.

त्या दिवसापासून वर्गाच्या दिवशी ड्रायव्हरसाहेब इस्त्रीचा शर्ट मागू लागले. दाढी स्वतः करू लागले. गालावर कापलं तरी चालेल, पण करणार. घरातून निघताना विचारायचे, "धाकटी येणार आहे ना आज?"

"का? मी मेले का?"

"तसं नाही गं. घंटी तिच्याकडे असते."

"घंटी घंटीच असते. कुणीही वाजवली तरी वाजते."

बाईंनी ते करूनही पाहिलं. धाकटी नसताना एकदा त्यांनी घंटी वाजवली. पण त्यांच्या हाताला शिस्त होती, ठेका होता: ट्रिंग, ट्रिंग, ट्रिंग, ट्रिंग. नवरा गोंधळून बघत राहिला. "ही कुठली बेल?" म्हणाला. बाईंनी घंटी ओट्यावर आपटली.

पुढच्या वेळी घंटी सापडेना. बाईंनी ती फरशी पुसायच्या फडक्यांखाली, बादलीत कोंबली होती. धाकटीनं इकडे तिकडे पाहिलं, चमचा घेतला, आणि स्टीलच्या पेल्यावर दोनदा वाजवला. ड्रायव्हरसाहेब निघाले. शिंपीमामा म्हणाले, "वा, आज स्पेशल गाडी." बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जगातले सगळे चमचे कुठल्या बादलीत घालणार?

अशात मोठ्या इस्पितळातल्या मेंदूच्या डॉक्टरीणबाईंचा निरोप आला. वर्ग ऐकून आहे, येऊन बघते. पटलं तर माझे रोगी तुमच्याकडे पाठवीन.

बाईंना ह्याच दिवसाची आस होती. त्यांच्या मनात चित्र तयार होतं: नवरा हॉलच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतोय, बाईंच्या शिट्टीवर, आणि डॉक्टरीणबाई बघताहेत. त्या चित्रात धाकटी कुठेच नव्हती. फार तर ओट्यामागे, चहा गाळताना.

आदल्या दिवशी दोघी गुडघ्यांवर बसून उखडलेल्या पट्ट्या पुन्हा चिकटवत होत्या.

"वहिनी, उद्या दादांना चालवायचं तर मी दाराकडून घंटी देऊ की खिडकीकडून?" धाकटीनं विचारलं.

"तू कशाला? तू चहाचं बघ."

धाकटीचा हात पट्टीवर थांबला. "पण ते घंटीवरच चालतात."

"माझ्या नवऱ्याला कशावर चालवायचं ते मी बघीन."

"अहो, मी कुठं नाही म्हणते? पण डॉक्टर बघणार आहेत, अडकले तर..."

"अडकले तर अडकू देत. मी त्यांना तुझ्याआधीपासून ओळखते. तू ह्या घरात आलीस तेव्हा माझं लग्न जुनं झालं होतं."

 धाकटी पट्टी दातानं तोडत म्हणाली, "वहिनी, एक विचारू? राग माझा आलाय की घंटीचा?"

"आयत्या बिळावर येऊन बसणाऱ्या नागोबाला असले प्रश्न सुचतात," बाई म्हणाल्या.

धाकटी हसली नाही. एरवी ती कशावरही हसायची. तिनं उरलेल्या पट्ट्या मुकाट्यानं चिकटवल्या आणि जाताना बादलीतल्या फडक्यांखाली सापडलेली घंटी ओट्यावर, बाईंना दिसेल अशी ठेवून गेली.

दुसऱ्या दिवशी हॉल भरला. घरोघरचे लोक भिंतीला टेकून उभे. डॉक्टरीणबाई साध्या होत्या, खांद्याला कापडी पिशवी. खुर्ची दिली ती त्यांनी पोस्टमनकाकांना दिली. बाईंनी वर्ग सुरेख घेतला, हे नाकारून चालणार नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठणं, दांड्याला धरून टाचा वर, मोठ्यानं ओरडत मोठी पावलं. डॉक्टरीणबाईंनी स्वतः दोन-तीन व्यायाम करून पाहिले. बाईंची छाती फुगली.

मग ड्रायव्हरसाहेबांची पाळी आली.

ते दाराशी उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट. समोर पिवळ्या पट्ट्या, पलीकडच्या टोकाला बाई, तोंडात शिट्टी. बाईंनी दिली. एक. दोन.

पाय हलला नाही.

बाईंनी पुन्हा दिली, जरा मोठ्यानं. नवऱ्याची मान ताठ झाली, हात अंगाला चिकटले. हॉल असा गप्प झाला की शेजारच्या गिरणीची घरघर ऐकू येऊ लागली. शिंपीमामा तोंड उघडणार तेवढ्यात त्यांच्या बायकोनं त्यांना कोपर मारलं. ड्रायव्हरसाहेबांची नजर बाईंवरून सरकली आणि ओट्याकडे गेली. मदत मागणाऱ्या माणसाची नजर. ती बाईंनी पाहिली, आणि सगळ्यांनी पाहिली.

धाकटीनं ओट्याची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली होती. तिनं खरंच धीर धरला. पण ड्रायव्हरसाहेब पुढे कलले, पाय खिळलेले आणि वरचं अंग निघालेलं, आणि तिच्याच्यानं राहवेना. ट्रिंग ट्रिंग.

पाय सुटले. एक पट्टी, दुसरी पट्टी, तिसरी. भिंतीपाशी कुणीतरी "वा" म्हणालं. ड्रायव्हरसाहेब हसले. आणि ते हसू कुणासाठी होतं ते बाईंनी दुरून ओळखलं. मग त्यांच्या छातीतून जे वर आलं ते शिट्टीतून बाहेर पडलं. ठेका नाही, काही नाही. नुसती लांब, कर्कश, मैदानापलीकडच्या पोराला जागेवर गोठवणारी शिट्टी.

उचललेला पाय हवेत थांबला. ड्रायव्हरसाहेबांनी दचकून तो खाली दाबला, जोरात, जणू फरशीतून आरपार घालायचा होता. अंग पुढे जात होतं ते गेलं. ते धाडकन गुडघ्यांवर आले आणि मग कोपरावर.

बाई धावल्या. धाकटीही धावली, पण बाईंनी तिला हातानं मागे लोटलं. नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं. कोपराचं सालडं निघालं होतं, रक्त येत होतं. डॉक्टरीणबाईंनी हाडं चाचपली, पाय हलवून पाहिले. मोडलं काही नव्हतं. त्यांनी जखम धुतली आणि मग शांतपणे विचारलं, "शेवटची शिट्टी कुणी दिली?"

हे त्यांना दिसलं होतं. तरी विचारलं.

"मी," बाई म्हणाल्या.

"का?"

ह्या प्रश्नाला खरं उत्तर एकच होतं आणि ते भरल्या हॉलमध्ये देण्याइतक्या बाईही शूर नव्हत्या.  शिंपीमामांनी मात्र ह्या खेपेला बायकोचं कोपर चुकवलं. "एका बसला दोन कंडक्टर, मॅडम. दुसरं काय होणार?"

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "वर्ग चांगला आहे. मी माणसं पाठवीन. पण ज्याचा पाय अडकतो त्याला दोन इशारे म्हणजे खड्डा. इशारा एकाच माणसानं द्यायचा. कोण देणार ते आत्ता मला सांगा."

 सगळे फरशीकडे बघू लागले. तेच उत्तर होतं. धाकटीच्या डोळ्यांत पाणी होतं, ती म्हणाली, "वहिनीच देतील. मी उद्यापासून..."

"गप्प बस," बाई म्हणाल्या. आणि डॉक्टरीणबाईंकडे वळून म्हणाल्या, "ती देईल."

संध्याकाळी घरी बाई नवऱ्याच्या कोपरावर नवी पट्टी बांधत होत्या. गाठ जरा जास्तच आवळली गेली.

"अगं, हात आहे तो."

"माहितीये. तिला बोलवू का? ती हळू बांधेल."

ड्रायव्हरसाहेबांचा चेहरा ह्या दुखण्यानं लाकडासारखा झाला होता, हसू वर यायला वेळ लागायचा. आलं. "मी सांगितलं असतं तर तुला वाईट वाटलं असतं."

"काय सांगितलं असतं?"

"शिट्टीचं." ते जरा थांबले, शब्दही हल्ली पायांसारखे अडायचे. "आयुष्यभर गाडी चालवली. चौकात पोलिसानं शिट्टी मारली की काय करायचं?"

बाईंचे हात थांबले.

"ब्रेक," ते म्हणाले. "शिट्टी कानात गेली की माझा पाय ब्रेकवर जातो. मी नाही नेत, तोच जातो. कंडक्टरनं डबल बेल दिली की गाडी काढायची. हे डोक्यात नाही, पायांत आहे."

 पहिल्या दिवसापासून बाई शिट्टी देत होत्या. पहिल्या दिवसापासून माणसाला चल चल म्हणत त्याच्या पायाखाली ब्रेक दाबत होत्या. इस्पितळातल्या पुस्तकात सगळं होतं, एवढं एकच नव्हतं.

"मग बोलला का नाहीत? तोंडाला काय झालं होतं?"

"तुझी शिट्टी आहे ना ती." ते म्हणाले. "ती काढून घेऊन तुला काय देणार होतो मी?"

बाईंना रडू आलं असतं, पण रागानं आधी जागा धरली. "म्हणजे थांबायला मी आणि निघायला ती. छान वाटणी केलीत."

"थांबणं काय कमी आहे?" ड्रायव्हरसाहेब म्हणाले. "गाडी कुणीही सुरू करतो. थांबवता आली नाही की माणसं मरतात."

रोगी माणसाचं समजूत घालणं, असं म्हणून बाईंनी ते उडवून लावलं. पण ते डोक्यातून गेलं नाही. चावलेल्या जिभेसारखं राहिलं. दर वेळी तिथेच लागायचं.

पुढच्या वर्गाला त्या हॉलच्या पलीकडच्या टोकाला, भिंतीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. पोस्टमनकाकांना म्हणाल्या, "काका, आज तुम्ही आधी."

काका निघाले आणि निम्म्यावर आले तेव्हा त्यांचे पाय सुटले. लहान लहान, भरभर, पुढे पुढे, हात भिंतीसाठी आधीच वर. बाईंनी शिट्टी दिली. एक, छोटी. काका कवायतीत वाढलेले, शाळेच्या मैदानावर शिट्टी खाल्लेलं जुनं पोर. टाच आपटून उभे राहिले. भिंत अजून हातभर लांब होती. ते भिंतीकडे बघत राहिले. मग वळून सगळ्यांकडे बघितलं.

"आज तार परत?" शिंपीमामा म्हणाले.

"पत्ता सापडला," काका म्हणाले. त्यांचा आवाज घोगरा झाला होता, पण त्या दुखण्यात तो तसाही होतोच.

टाळ्या पडल्या. ड्रायव्हरसाहेब दारातून निघाले की धाकटीला पडायच्या तेवढ्या नाही पडल्या. थांबवणाऱ्याला तेवढ्या पडत नाहीत.

मग ड्रायव्हरसाहेब दाराशी उभे राहिले, कोपराला पट्टी. धाकटी त्यांच्या मागे, घंटी हातात. तिनं आधी बाईंकडे पाहिलं, विचारत होती. बाईंनी मान हलवली. ट्रिंग ट्रिंग. ते निघाले, पट्टीमागून पट्टी ओलांडत, आणि ह्या वेळी त्यांची पाठ धाकटीकडे होती आणि तोंड बाईंकडे. शेवटच्या पट्टीवर बाईंनी शिट्टी दिली नाही. नुसता हात पुढे केला, पंजा उघडा, चौकातल्या पोलिसासारखा. गाडी अगदी हाताशी येऊन थांबली. त्यांनी बाईंच्या खांद्याला धरलं आणि श्वास घेत तसेच उभे राहिले. बाईंनीही हात मागे घेतला नाही.

दाराशी धाकटी एकटीच उभी होती. हातात घंटी, तोंडावर हसू, पण ते हसू जरा जास्त वेळ धरून ठेवलेलं. तिचा नवरा जहाजावर होता, तिच्या हाताशी येऊन थांबणारं कुणी नव्हतं. हे बाईंना एका क्षणात दिसलं. तिची कीव आली का? आली. पण ती नंतर आली. आधी जे आलं ते पोटातून आलं आणि फार गोड होतं.

बाईंनी नवऱ्याला हळूच खुर्चीत बसवलं, शिट्टी नीट केली आणि हॉलच्या दुसऱ्या टोकाला हाक मारली, "धाकटे, पुढची गाडी सोड."